मान वेगळा, मानधन वेगळे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

लॉस एंजेलिस लेकर्स या अमेरिकेतील बास्केटबॉल संघाने लेब्रॉन जेम्सशी पुन्हा करार करावा की करू नये, याविषयी आपल्या क्रीडापानावर आलेला मजकूर आणि त्यावर पाठोपाठ प्रसिद्ध झालेली दोन वाचकांची पत्रे मी लक्षपूर्वक वाचली. खानापूरच्या वाचकांचे म्हणणे असे की, एक्केचाळीस वर्षांच्या खेळाडूला आता हारतुरे घालून निरोप द्यावा आणि त्याच्या पगाराच्या पैशांत दोन तरणीबांड पोरे आणावीत. निपाणीच्या वाचकांनी अगदी उलट बाजू मांडली आहे. ज्याने संघाला विजेतेपद मिळवून दिले, त्याच्यापुढे कोरा धनादेश ठेवावा आणि आकडा त्यालाच भरू द्यावा, असे ते लिहितात. दोन्ही पत्रे तळमळीने लिहिलेली आहेत, हे मान्य करूनही मला ती पटली नाहीत. मी बेळगावात एकतीस वर्षे क्रीडाशिक्षक म्हणून काम केले, त्याआधीपासून स्वतः बास्केटबॉल खेळलो, आणि वय झालेल्या खेळाडूचे काय करायचे हा प्रश्न आमच्या लहानशा संघातही आम्हाला फार छळून गेला. त्या अधिकाराने हे पत्र लिहीत आहे. थोडे लांबेल, त्याबद्दल क्षमस्व.

माझे मत आधीच सांगतो. लेकर्सने लेब्रॉनला ठेवावे. पण त्याने आजवर काय केले याचे पैसे देऊ नयेत, पुढच्या हंगामात तो काय करू शकेल याचे द्यावेत. एका वर्षाचा करार करावा, पगार आताच्या निम्म्याच्या आत असावा, आणि सुरुवातीच्या पाच खेळाडूंत त्याचे नाव असेलच असे वचन देऊ नये.

लेब्रॉनचा जन्म ३० डिसेंबर १९८४ चा. शाळा संपवून तो २००३ मध्ये थेट एनबीए या अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉल स्पर्धेत आला, आणि २०२५-२६ हा त्याचा तेविसावा हंगाम आहे. इतके हंगाम त्या स्पर्धेत आजवर कोणीही खेळलेले नाही; आधीचा विक्रम व्हिन्स कार्टरच्या बावीस हंगामांचा होता. फेब्रुवारी २०२३ मध्ये त्याने करीम अब्दुल-जब्बारचा सर्वाधिक गुणांचा विक्रम मागे टाकला. २०२४-२५ च्या हंगामात चाळिशी गाठूनही त्याची सरासरी सामन्यामागे २४ गुणांच्या वर राहिली आणि त्या हंगामाच्या सर्वोत्तम खेळाडूंच्या दुसऱ्या संघात त्याची निवड झाली. त्यामुळे त्याला ‘थकलेला’ म्हणणे हे खानापूरच्या वाचकांचे बोलणे आकड्यांना धरून नाही. मात्र त्याच वेळी हेही खरे की, चालू हंगामाच्या सुरुवातीला कंबरेतून पायात उतरणाऱ्या सायटिकाच्या दुखण्यामुळे त्याला पहिले चौदा सामने बाहेर बसावे लागले. ज्यांनी चाळिशीनंतर खेळण्याचा हट्ट धरला आहे, त्यांना हे दुखणे काय असते ते सांगावे लागत नाही. ते आज बरे होते आणि पुढच्या महिन्यात सकाळी खाटेवरून उठतानाच पुन्हा हजर होते.

आता एका सकाळविषयी लिहितो. ५ डिसेंबरचा शुक्रवार होता. तिकडे टोरंटोत संध्याकाळ असली तरी आपल्याकडे सकाळचे सहा वाजता सामना सुरू होतो. टिळकवाडीत त्या दिवसांत पहाटे चांगलीच थंडी असते. मी शाल गुंडाळून, नातवाचा मोबाईल पाण्याच्या तांब्याला टेकवून, स्वयंपाकघराच्या टेबलाशी बसलो होतो. लेब्रॉनच्या नावावर सलग १,२९७ सामन्यांत दहा किंवा त्याहून अधिक गुण मिळवण्याचा विक्रम होता. ही मालिका जानेवारी २००७ पासून अखंड चालू होती. म्हणजे ती सुरू झाली तेव्हा माझा हा नातू जन्मलाही नव्हता. त्या दिवशी लेब्रॉनचे आठच गुण झाले होते. सामना बरोबरीत, अखेरचे काही सेकंद उरलेले आणि चेंडू त्याच्या हातात. एक बास्केट झाली असती तर सामनाही जिंकला असता आणि मालिकाही टिकली असती. त्याने मारले नाही. बचावाचे खेळाडू आपल्याकडे ओढले गेले आहेत हे पाहून त्याने कोपऱ्यात मोकळ्या उभ्या असलेल्या रुई हाचिमुराकडे पास दिला, हाचिमुराने तीन गुणांची बास्केट केली आणि लेकर्सने सामना १२३-१२० असा जिंकला. अठरा-एकोणीस वर्षांची मालिका तिथे संपली. मी शाळेत मुलांना वर्षानुवर्षे एकच गोष्ट घसा कोरडा होईपर्यंत सांगत आलो की, मोकळा माणूस दिसला की पास द्या. ती त्या क्षणी एक्केचाळिशीच्या उंबरठ्यावरच्या माणसाने, एवढा विक्रम पणाला लावून, जगासमोर करून दाखवली. असा खेळाडू संघात असणे म्हणजे काय, हे गुणफलक सांगत नाही. माझे मत ‘ठेवावे’ या बाजूला झुकते ते या सकाळमुळे.

पण ठेवणे आणि हवे ते देणे यांत अंतर आहे, आणि ते समजण्यासाठी त्या स्पर्धेतील पैशांचा हिशेब समजून घ्यावा लागतो. आपल्या वाचकांना आयपीएलचा हिशेब तोंडपाठ आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करतो. २०२५ च्या लिलावाआधी प्रत्येक संघाला १२० कोटींची मर्यादा होती. चेन्नई संघाने २०२२ मध्ये महेंद्रसिंह धोनीला १२ कोटींना राखले होते, तर २०२५ च्या हंगामासाठी ४ कोटींना राखले. कारण पाच वर्षे आंतरराष्ट्रीय क्रिकेट न खेळलेल्या भारतीय खेळाडूला, देशाकडून कधीच न खेळलेल्यांच्या स्वस्त गटात धरण्याची मुभा नियमाने दिली होती. म्हणजे एकूण पैशांच्या शेकडा साडेतीन टक्केही नाहीत. चेन्नईचा संघ २०२५ मध्ये तळाला राहिला हे खरे, आणि धोनीने खेळावे की नाही यावर आपल्याकडे कट्ट्याकट्ट्यावर वाद झाले. परंतु धोनीच्या पगारामुळे दुसरा खेळाडू घेता आला नाही, असे कोणालाही म्हणता आले नाही. धोनीने घेतलेला आकडाच तसा होता.

एनबीएमध्येही संघाच्या एकूण पगारावर मर्यादा असते. २०२५-२६ साठी ती सुमारे १५ कोटी ४६ लाख डॉलर आहे, आणि लेब्रॉनचा या वर्षाचा पगार ५ कोटी २६ लाख डॉलर आहे. पंधरा जणांच्या संघात एकट्याचा वाटा तिसऱ्या हिश्श्याहून जास्त! मात्र ही मर्यादा आयपीएलसारखी पक्की भिंत नाही. तिथे असा नियम आहे की, आपलाच खेळाडू पुन्हा करारबद्ध करायचा असेल तर संघाला मर्यादा ओलांडता येते. बॉस्टनच्या लॅरी बर्डच्या नावाने तो ओळखला जातो. खानापूरच्या वाचकांचा हिशेब चुकतो तो याच ठिकाणी. लेब्रॉन गेला म्हणून त्याचे ५ कोटी २६ लाख डॉलर जसेच्या तसे लेकर्सच्या हातात खेळणार नाहीत. बाकीच्यांचे पगार धरून संघ मर्यादेच्या आत असेल तेवढ्यापुरतीच जागा मोकळी होईल. आणि संघातला दुसरा मोठा खेळाडू लुका डॉन्चिच याच्याशी ऑगस्ट २०२५ मध्ये तीन वर्षांसाठी सुमारे साडेसोळा कोटी डॉलरचा वाढीव करार झालेला असल्यामुळे ती जागा आधीच आक्रसली आहे. दुसरीकडे, २०२३ च्या नव्या करारनाम्याने मर्यादेच्या बरेच वर आणखी एक रेषा आखून ठेवली आहे. ती ओलांडणाऱ्या संघाचे खेळाडू अदलाबदलीचे आणि नवे खेळाडू घेण्याचे बरेच मार्ग बंद होतात. म्हणून निपाणीच्या वाचकांचा कोरा धनादेशही चालत नाही. आपल्या माणसाला ठेवण्याची सवलत आहे, पण तिची किंमत संघातल्या आठव्या, नवव्या, दहाव्या खेळाडूच्या रूपाने चुकवावी लागते. सामना चौथ्या भागात जातो तेव्हा हेच खेळाडू लागतात, हे ज्याने एखादा तरी संघ बांधला आहे तो जाणतो.

याच लेकर्सनी ही चूक एकदा केली आहे, आणि ती मी फार जवळून पाहिली, म्हणजे जितक्या जवळून बेळगावातून पाहता येते तितक्या. १२ एप्रिल २०१३ रोजी कोबी ब्रायंटच्या टाचेमागचा अकिलीस स्नायुबंध तुटला. तो तशाच पायाने रेषेवर उभा राहिला, दोन्ही फ्री थ्रो, म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या चुकीमुळे मिळालेले मोकळे फेके, बास्केटमध्ये टाकले आणि चालत बाहेर गेला. तो प्रसंग आमच्या शाळेतील मुलांना मी कितीतरी वेळा सांगितला आहे. त्या वेळी त्याचे वय चौतीस होते. पुढे २५ नोव्हेंबर २०१३ रोजी, म्हणजे त्या दुखापतीनंतर तो एकही सामना खेळलेला नसताना, लेकर्सनी त्याच्याशी दोन वर्षांसाठी ४ कोटी ८५ लाख डॉलरचा नवा करार केला. तो ८ डिसेंबरला परतला, सहा सामने खेळला आणि गुडघ्याजवळचे हाड मोडून पुन्हा बाहेर गेला. त्यानंतरच्या हंगामात पस्तीस सामने झाले आणि खांदा गेला. दरम्यान संघाचे विजय ८२ पैकी २७, मग २१, मग १७ असे उतरत गेले. २०१५-१६ मधील १७ विजय आणि ६५ पराभव ही त्या नामांकित संघाच्या इतिहासातील सर्वांत वाईट कामगिरी आहे. त्या वर्षी पगाराची मर्यादा ७ कोटी डॉलर होती आणि त्यातले अडीच कोटी एकट्या कोबीचे होते.

यात कोबीला दोष देण्याचे माझ्या मनात नाही. समोरून कोणी देत असेल तर खेळाडूने का घेऊ नये? आयुष्यातली कमावती वर्षे त्याच्या हातात थोडी असतात. दोष देणाऱ्यांचा होता. वीस वर्षे एकाच संघासाठी खेळलेल्या, पाच विजेतेपदे मिळवून देणाऱ्या माणसाविषयी त्यांना कृतज्ञता होती, ती रास्तच होती. पण कृतज्ञतेला त्यांनी पगारपत्रकावर बसवले. वास्तविक कृतज्ञतेसाठी स्वतंत्र जागा असते आणि लेकर्सनी पुढे ती दिलीही. डिसेंबर २०१७ मध्ये त्याचे ८ आणि २४ हे दोन्ही क्रमांक एकाच दिवशी कायमचे निवृत्त करण्यात आले, आणि त्याच्या अकाली निधनानंतर फेब्रुवारी २०२४ मध्ये मैदानाबाहेर त्याचा पुतळा उभा राहिला. त्या सन्मानांमुळे संघाच्या पगारमर्यादेतला एक डॉलरही कमी झाला नाही.

कोबीच्या अखेरच्या सामन्याविषयी दोन शब्द लिहिले नाहीत तर मी प्रामाणिक राहणार नाही. १३ एप्रिल २०१६ रोजी, आपल्याकडे १४ तारखेच्या सकाळी, युटाविरुद्ध त्याने पन्नास वेळा चेंडू बास्केटकडे मारला आणि साठ गुण केले. मी तो सामना पाहताना रडलो. तरीही त्या एका सकाळीच्या बदल्यात तीन हंगाम वाया घालवणे योग्य होते, असे मी म्हणू शकत नाही. काही जण असा युक्तिवाद करतात की, त्या पराभवांमुळेच लेकर्सना नव्या खेळाडूंच्या निवडीत वरचे क्रमांक मिळाले, त्यातून ब्रँडन इंग्रम आला, २०१९ मध्ये त्याच्यासह इतरांच्या बदल्यात अँथनी डेव्हिस मिळाला आणि २०२० चे विजेतेपद हाती आले. साखळी खरी आहे. पण घर पडल्यावर विटा विकून चार पैसे आले, म्हणून घर पाडणे शहाणपणाचे होते असे कोणी म्हणत नाही.

त्याच काळात टेक्सासमधील सॅन अँटोनियो स्पर्स संघात टिम डंकन होता. कोबीहून दोन वर्षांनी मोठा. मार्च २०१२ मध्ये प्रशिक्षक ग्रेग पॉपोविच यांनी त्याला एका सामन्यात विश्रांती दिली, तेव्हा सामन्याच्या अधिकृत पत्रकात न खेळण्याच्या कारणासमोर ‘म्हातारा’ एवढाच शब्द छापला गेला. ज्या संघात असा शब्द मोकळेपणाने लिहिता येतो आणि खेळाडू दुसऱ्या दिवशी सरावाला नेहमीसारखा येतो, त्या संघात वयाविषयीची बोलणी आडपडद्याने होत नसणार. २०१२ च्या उन्हाळ्यात, वर्षाला दोन कोटी डॉलरहून अधिक घेणाऱ्या डंकनने तीन वर्षांसाठी मिळून तीन कोटींचा करार स्वीकारला. २०१४ मध्ये, वयाच्या अडतिसाव्या वर्षी, तो पाचव्यांदा विजेता झाला. त्याच्या शेजारी खेळणारा मनू जिनोबिली तर आपल्या ऐन भरातही बाकावरून उतरत असे आणि एक्केचाळिसाव्या वर्षापर्यंत संघात राहिला. सुरुवातीच्या पाचात नाव नसल्यामुळे त्याची किंमत कोणी कमी लेखली नाही. २०१५ च्या उन्हाळ्यात लामार्कस ऑल्ड्रिज हा मोठा खेळाडू मोकळा झाला, तेव्हा लेकर्स त्याला दोनदा भेटले आणि रिकाम्या हाताने परतले. तो स्पर्सकडे गेला, जिथे डंकनने आपला पगार आणखी खाली, सुमारे पन्नास लाख डॉलरवर आणून ठेवला होता. ज्या हंगामात लेकर्सनी १७ सामने जिंकले, त्याच हंगामात स्पर्सनी ६७ जिंकले. पुढच्या फेऱ्यांत ते लवकर हरले, ही गोष्ट वेगळी.

आता आमच्या संघाची हकीकत सांगतो. लाखो डॉलरचा तिथे प्रश्नच नव्हता; प्रवासाला एसटीचे तिकीट आणि उतरायला एखादी शाळा मिळाली तरी आम्ही खूश असू. तांबड्या मातीचे मैदान, फक्कीने आखलेल्या रेषा, जाळी नसलेली रिंग. आमच्या संघात सेंटरच्या जागी, म्हणजे बास्केटजवळ, खेळणारे एक उंच गृहस्थ होते, आम्ही त्यांना मामा म्हणत असू. बँकेत कारकून होते. फ्री थ्रोआधी दोन्ही तळवे मातीवर टेकवायचे, एकमेकांवर घासायचे आणि मग चेंडू मागायचे, अशी त्यांची रीत होती. ऐंशीच्या दशकात एका वर्षी, मामा एकोणचाळीस वर्षांचे असताना, हुबळीच्या स्पर्धेसाठी बारा जणांची निवड करताना आम्ही त्यांचे नाव वगळले. त्यांना समक्ष सांगण्याचे धैर्य आमच्यापैकी कोणाला झाले नाही. यादी फलकावर लावली आणि ती त्यांनी ऑफिसातून येताना वाचली. उपांत्य फेरीत आम्ही एका गुणाने हरलो. शेवटच्या दोन मिनिटांत चेंडू शांतपणे धरून ठेवणारा माणूसच आमच्याकडे नव्हता.

पुढच्या वर्षी आम्ही मामांच्या घरी गेलो, माफी मागितली आणि त्यांना परत आणले. इथपर्यंत ठीक होते. पण मनात सल होती, म्हणून आम्ही त्यांना कर्णधार केले, प्रत्येक सामन्यात सुरुवातीपासून खेळवले आणि बाहेर बोलावण्याचा विषयच काढला नाही. दुसऱ्या अर्ध्यात त्यांना धाप लागायची, गुडघ्यावर हात ठेवून ते वाकायचे, आणि आम्ही तिकडे पाहायचे टाळायचो. त्यांच्या जागी खेळू शकणारा एकवीस वर्षांचा उंच मुलगा बाकावर बसून बसून कंटाळला आणि हंगाम संपायच्या आत दुसऱ्या संघात गेला. पहिल्या वर्षी आम्ही मामांचा अपमान केला आणि दुसऱ्या वर्षी त्या अपमानाची भरपाई संघाच्या खिशातून केली. मामांच्या खेळाचा, त्यांच्या पायांत आता किती दम उरला आहे याचा, त्यांना विचारून केलेला विचार दोन्ही वर्षी आमच्याकडून झाला नाही. तिसऱ्या वर्षी त्यांनीच सरावानंतर आम्हाला थांबवून सांगितले, ‘‘मला शेवटची आठ मिनिटं द्या. त्याआधी मी बसून बघतो, कोण कुठं चुकतंय ते.’’ त्या वर्षी आम्ही जिंकलो की हरलो यापेक्षा मला हे आठवते की, बाकावर मामांच्या शेजारची जागा मिळवण्यासाठी नवी पोरे धडपडत असत.

आपल्या भागात ही गोष्ट नवी नाही. शहापूरच्या आनंदवाडीच्या आखाड्यात कुस्त्यांचे मैदान भरते तेव्हा पत्रकावर कोणाची कुस्ती कितव्या क्रमांकाची, हे त्या वर्षीच्या तयारीवर ठरते. दहा वर्षांपूर्वी कोणी मैदान मारले होते यावर ते ठरत नाही. ज्याने पूर्वी पहिल्या क्रमांकाच्या कुस्त्या केल्या, त्याला फेटा बांधला जातो, पुढे बसवले जाते, त्याच्या पाया पडून पोरे मातीत उतरतात. तालमीत तो वस्ताद होतो आणि त्याचा शब्द शेवटचा असतो. पण जोड लावताना त्याचे जुने नाव वजनात धरले जात नाही. मायामीच्या संघात युडोनिस हॅस्लमने वीस हंगाम काढले. अखेरच्या काही वर्षांत तो मोजकेच सामने खेळला, पगार ज्येष्ठ खेळाडूला मिळणाऱ्या किमान रकमेइतका होता, पण त्या संघातला वस्ताद तोच होता. लेब्रॉन अजून तिथवर आलेला नाही, तो आजही मैदान मारू शकतो. मात्र त्या वाटेवर तो आहे, आणि वाटेवर असलेल्या माणसाशी ज्या मोकळेपणाने बोलावे तसे त्याच्याशी बोलले पाहिजे.

निपाणीच्या वाचकांच्या पत्रातला एक मुद्दा मात्र मी बाजूला सारू शकत नाही. ते विचारतात की, कमी पैसे देऊ केल्याने दुखावून तो निघून गेला तर? असे घडलेले आहे. ड्वेन वेडने मायामीसाठी तेरा हंगाम खेळून, तीन विजेतेपदे मिळवून, २०१६ मध्ये तो संघ सोडला आणि शिकागोचा रस्ता धरला, तो बोलणी फिसकटल्यामुळेच. २०१४ मध्ये इतरांना जागा व्हावी म्हणून त्याने स्वतःच्या करारातली हक्काची, मोठ्या पगाराची दोन वर्षे सोडून दिली होती, त्याची आठवण ठेवली गेली नाही असे त्याला वाटले असेल तर ते समजण्यासारखे आहे. २०१८ मध्ये तो परत आला आणि मायामीतच निवृत्त झाला, पण मधली दोन वर्षे कोणाच्याच कामी आली नाहीत. माझ्या मते इथे आकड्याइतकीच बोलण्याची रीतही महत्त्वाची असते. डॅलसच्या डर्क नोवित्स्कीने २०१४ मध्ये इतर संघांकडून कितीतरी अधिक मिळण्याजोगे असताना तीन वर्षांसाठी मिळून सुमारे अडीच कोटी डॉलर स्वीकारले, आणि एकवीस हंगाम त्याच संघात काढले. त्याला कमी घ्यायला लावले गेले नाही. संघाचा हिशेब त्याच्यासमोर उघडा होता आणि तो त्यात भागीदार होता.

लेब्रॉनच्या बाबतीत आणखी एक नाजूक बाजू आहे. २०२४ पासून त्याचा मुलगा ब्रॉनी त्याच संघात आहे; त्या ऑक्टोबरमध्ये दोघे एकत्र मैदानात उतरले, आणि एनबीएमध्ये पितापुत्र एकत्र खेळण्याची ती पहिलीच वेळ. बापाच्या करारावरून मुलाच्या जागेविषयी बोलणी होऊ नयेत, हे लेकर्सनी आधीच स्वच्छ सांगावे. दोघांच्याही हिताचे तेच आहे. त्याचबरोबर, आता चेंडू आधी डॉन्चिचच्या हातात जाईल, हेही त्याला तोंडावर सांगावे. डिसेंबरमधल्या त्या सकाळी पाहिलेल्या माणसाला हे ऐकवणे अवघड जाईल असे मला वाटत नाही.

आणि हे सांगायचे कोणी, हाही प्रश्न उरतो. लेकर्सचा कारभार पाहणारे रॉब पेलिंका हे पूर्वी कोबी ब्रायंटचे प्रतिनिधी होते. २०१३ चा तो ४ कोटी ८५ लाख डॉलरचा करार झाला, तेव्हा टेबलाच्या खेळाडूकडच्या बाजूला तेच होते. त्या कराराने खेळाडूला काय मिळाले आणि संघाचे काय झाले, हे त्यांच्याइतके दुसऱ्या कोणालाही ठाऊक नसेल. येत्या उन्हाळ्यात तेच गृहस्थ टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसणार आहेत. त्यांनी यादी फलकावर लावून मोकळे होऊ नये. लेब्रॉनच्या घरी जावे, पगाराचा सगळा हिशेब त्याच्यापुढे मांडावा आणि शेवटची किती मिनिटे हवीत, ते त्यालाच विचारावे.

आपला नम्र,
एक निवृत्त क्रीडाशिक्षक
टिळकवाडी, बेळगाव